शेत बघायला गेलेला वर्ग

सिद्धराम सरांचं इंग्रजी गावात फार गाजलेलं होतं. कुणाला समजत नसे, म्हणूनच गाजलेलं. उदगीरला बी.ए. झालेला हा माणूस निलंगा तालुक्यातल्या आडगावच्या शाळेत आला, तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस त्याच्याही आधी वेगळा होऊन निघून गेला होता.

नव्या जिल्ह्याला नव्या गोष्टींची भारी हौस. लातूरला मुलींचं वसतिगृह निघालं. राहणं, खाणं, बारावीपर्यंतचं शिक्षण, सगळं फुकट. दर शाळेतून एकच मुलगी घ्यायची आणि निवड इंग्रजी निबंधावर, विषय 'शेताला भेट'. अट एवढीच, की मुलीनं वार्षिक परीक्षा आपल्याच शाळेत दिलेली असावी. हेडमास्तरांचं परिपत्रक वाचून संपायच्या आतच सरांनी नाव ठरवून टाकलं, नववीतली दानम्मा.

दानम्मा ही शरणप्पाची थोरली लेक. विहिरीच्या तळाशी उतरून वाटी-वाटीनं घागर भरायची आणि मग शाळेत यायची, म्हणून रोज उशीर. पण पुस्तक उघडलं की ती इंग्रजी असं वाचायची, की सरांना आपल्या डिग्रीची लाज वाटावी. शरणप्पानं सरांना आधीच बजावलं होतं, "गावात पाणी न्हाई सर. कणगीत बियाणं हाय, तवर मृगाची वाट बघतो. फुडचं मला इचारू नका." म्हणजे दानम्मासाठी ते वसतिगृह हाच एक दरवाजा होता, आणि सरांचा जीव त्यात अडकला.

पुस्तकात शेतावरचा एक धडा होता. लाल छपराचा गोठा, लठ्ठ गायी, पिवळी फुलं, आणि शेताच्या कडेनं खळखळणारा ब्रुक.

"सर, ब्रुक म्हंजे?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"ओढा."

"वाहता?"

"वाहता," सर म्हणाले, आणि सगळा वर्ग खो-खो हसला.

सरांना राग आला, पण पोरांचा नाही, पुस्तकाचा. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आपण खरोखरचं शेत बघायला जायचं. डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल, नाकाला कळेल, तेच लिहायचं. शेतकऱ्यांच्या पोरांना शाळेतून शेत दाखवायला न्यायचं, ही कल्पना ऐकून हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला. पण दानम्मा उभी राहिली. "सर, आमच्या शेतात या की. येळवशीला."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरकडची घरं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि बांधावरून जाणारा वैरी असला तरी हाक मारून जेवायला बसवायचा. सरांना वाटलं, शेत वर्षातून एकदा नटतं ते याच दिवशी, तेव्हा निबंधाला यापरता मुहूर्त नाही. पोरांना आपापला डबा आणायला सांगतो, असा निरोप त्यांनी पाठवला. नागम्माचा, म्हणजे दानम्माच्या आईचा, उलट निरोप आला, "येळवशीला आमच्या शेतात डबा उघडणार? मग आमी गावात तोंड कसं दावावं?" सर उदगीरचे. लहानपणापासून येळवस जेवलेले. त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण डोक्यात निबंध घुसला होता, आणि त्यांनी मान डोलावली.

त्या साली निम्म्या गावानं येळवस केलीच नव्हती. त्यामुळे झाडून सगळा वर्ग आला, वर काहींची धाकटी भावंडंही. शेतात हिरवं पातं नव्हतं. कडबा नाही म्हणून तुरीच्या जुन्या काड्यांवर लुगडं टाकून खोप केलेली. पण खोपीत बघतात तर ज्वारीच्या आंबिलाचं मडकं काठोकाठ, बाजरी-ज्वारीचे वाफवलेले उंडे टोपलीभर आणि मिसळ भाज्यांच्या भज्जीचा हंडा. पोरं हरखून गेली. शरणप्पानं तांब्यात आंबील घेतली, लिंबाच्या डहाळीनं ती ढेकळांवर शिंपडत, "ओलगे ओलगे सालम पलगे" ही येळवशीची ललकारी देत तो शेताला फेरी घालू लागला. पिकाला द्यायचा नैवेद्य नुसत्या मातीला देत तो चालला होता, आणि आवाज असा खणखणीत, जणू कणसं ऐकताहेत. पोरांनी लिहायला घेतलं. दानम्मा बापाकडे बघत भराभरा लिहीत होती.

मग पंगत बसली. सरांनी आंबिलाचा पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. आंबटाच्या खालून कडू चव आली होती. बियाण्याच्या ज्वारीत कडुलिंबाचा पाला आणि राख मिसळून ठेवतात. पाण्यावाचून नीट धुतली नाही, तर दळल्यावरही कडूपणा राहतो. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. समोर पोरं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागत होती.

सर उठून चुलीपाशी गेले. "अक्का, हे बियाणं हाय ना?"

"हळू बोला सर," नागम्मा म्हणाली. "लेकरं जेवून राहिलीत."

"अहो, पण का केलंत असं?"

"पोरीनं साळा बोलावली. येळवशीला शेतात आलेलं माणूस उपाशी धाडू? तुमी उदगीरचे, तुमाला बी सांगावं का?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "अन् तुमीच म्हणलात, ह्येच्यातनं तिला हास्टेल मिळंल. म्हणलं, एक लेक तर सुटंल."

"पण तिनं परीक्षेपर्यंत इथं राहायला पाहिजे, अक्का. तशी अट हाय."

नागम्मानं हातातला पळा खाली ठेवला. "ह्ये तुमी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

खरंच नव्हतं सांगितलं. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच वाटलं होतं त्यांना. सर परत पानावर येऊन बसले. दानम्मानं त्यांच्या ताटात आणखी एक उंडा ठेवला. "घ्या सर. येळवशीला न्हाई म्हणू नये." तिला सगळं ठाऊक होतं, तिनंच तर आईबरोबर दळलं होतं. सरांनी तो उंडा खाल्ला. पानात टाकणं आणखी वाईट झालं असतं.

संक्रांत झाली आणि शरणप्पा बायको-पोरांना घेऊन वीटभट्टीवर निघाला. सर स्टँडपर्यंत धावत गेले, मृगापर्यंत थांबा म्हणून विनवू लागले. "कशाच्या जिवावर?" एवढंच तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि सरांना तेच जास्त लागलं. पोरीला माझ्याकडे ठेवा म्हणावं, तर सर एका खोलीत एकटे राहणारे. तरणी पोर कोण ठेवील? हजेरी सरांनी लावली असती, नोकरी गेली तरी लावली असती. पण परीक्षेला तिच्या जागी बसणार कोण? दानम्मा पत्र्याच्या पेटीवर बसली होती. इंग्रजीचं पुस्तक तिनं सरांना परत दिलं, कारण ते शाळेचं होतं.

उन्हाळ्यात निबंधांचा निकाल लागला. दानम्माचा निबंध तालुक्यात पहिला. 'माझा बाप मातीला जेवायला बोलावतो. माती पाहुणी नाही, तरी तिला आधी वाढतात,' असं तिनं सोप्या इंग्रजीत लिहिलं होतं. हेडमास्तरांनी परीक्षेची यादी पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "आपल्या शाळेत दुसरा नंबर कुणाचा?"

दुसरी होती किराणा दुकानदाराची पंचफुला. चांगली पोर, तिचा काय दोष? शिफारस सरांनीच लिहायची होती. ते तिचा निबंध घेऊन रिकाम्या वर्गात बसले. शेतकरी फार मोठ्या मनाचे असतात, असं तिनं लिहिलं होतं. त्यांनी आम्हाला पोटभर वाढलं आणि स्वतःसाठी काहीसुद्धा ठेवलं नाही.

सरांनी लाल पेन उघडलं. ते वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात चूक काहीच नव्हती. त्यांनी खाली सही केली.