पडद्यावरचा कारखाना

शकूबाईंचा नातू पृथ्वीराज दोन वर्षं एमबीए शिकून आला आणि त्याला कशालाच सरळ नावानं हाक मारता येईनाशी झाली. मिरची आणायची, देठ खुडायचे, भाजायची, कांडायची आणि विकायची, एवढ्याला तो 'सप्लाय चेन' म्हणायचा. तिचं चित्र काढायला त्यानं चार दिवस घातले. तेवढ्यात शकूबाईंनी दोन क्विंटल मसाला कांडून पुड्या बांधल्या असत्या.

आज ते चित्र वारज्याच्या घरात, हॉलमधल्या टीव्हीवर झळकत होतं. समोर अक्षता मॅडम बसल्या होत्या, बारा दुकानांची खरेदी बघणाऱ्या. त्या हो म्हणाल्या तर शकूबाईंचा कांदा-लसूण मसाला कोथरूडपर्यंत जाणार होता. नाही म्हणाल्या तर नातवाच्या भरवशावर भरून ठेवलेली तीस पोती बेडगी मिरची शेडमध्येच राहणार होती.

चित्रातलं शेत हिरवंगार, ट्रक निळा, त्यावर चिखलाचा एक ठिपका नाही. मधोमध कारखाना, त्याला उंच चिमणी आणि चिमणीतून धूर.

"हे आमचं प्रोसेसिंग युनिट," पृथ्वीराज म्हणाला. "देठ काढणं, क्लीनिंग, सगळं इथे होतं."

"कुठे आहे?"

"इथेच, जवळ."

"मग बघूनच घेऊ. आणि धुराचं सर्टिफिकेट लागेल, कंपनीचा नियम आहे."

पृथ्वीराज घाईनं चित्रासमोर येऊन उभा राहिला. "आज युनिट मेंटेनन्ससाठी बंद आहे, मॅडम."

शकूबाईंना खोट्याचा राग नव्हता. पण खोटं बोलायचं तर निदान पचेल असं बोलावं, एवढीही अक्कल त्या महागड्या कॉलेजात कुणी दिली नव्हती.

"मेंटेनन्स कशाचा रे? मेहरुनच्या ओट्याचा?" त्या म्हणाल्या. "ताई, कारखाना न्हाई. चौदा घरं हायेत. बाया पोतं घरी नेतात, देठ खुडून आणून देतात. देठ सापडला की पोतं माघारी. पण बायांचे ओटे दाखवायची ह्याला लाज वाटली."

"आजी, प्लीज."

"तू गप. तुझं दाखवून झालं."

अक्षता मॅडमनी चष्मा पुसला. "ही चिमणी मी या आठवड्यात तिसऱ्यांदा बघतेय. लोणचेवाल्यांच्या स्लाइडवरही हीच होती. चला, ओटे दाखवा."

देठ खुडणाऱ्या बायांपैकी मेहरुन मागच्याच आळीत राहायची. ती आणि तिची सून मिसबा हातांना तेल चोळून मिरचीच्या ढिगापाशी बसल्या होत्या. मॅडम चारदा शिंकल्या, पण बसल्या. खुडलेल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर मिरची वर काढली. देठ एकही नव्हता. दुसऱ्या पोत्यातही नव्हता.

"हातमोजे घालावे लागतील," त्या म्हणाल्या.

"आधी तुम्ही घालून खुडा," मेहरुन म्हणाली.

मॅडमनी पर्समधले हातमोजे काढून घातले. पहिल्या मिरचीचा देठ अर्धाच तुटला, तिसरीला मोजा फाटला. मेहरुननं त्यांच्या हातातली मिरची घेतली, एका चिमटीत साफ केली आणि म्हणाली, "आता डोळ्याला हात लावू नका."

मॅडमनी फाटका मोजा काढून पर्समध्ये टाकला.

"बरं, मोजे राहू देत. पण डोक्याला टोपी आणि हात साबणानं धुतलेले, रोज. मी न सांगता येऊन बघणार. सध्या तीन दुकानं."

"या की," शकूबाई म्हणाल्या. "मीबी बायांकडं सांगून जात न्हाई."

पृथ्वीराजच्या जिवात जीव आला. "मी स्लाइड लगेच अपडेट करतो," म्हणत त्यानं मोबाईल ओट्याकडे रोखला.

"फोटोचं आधी मेहरुनला विचार," शकूबाई म्हणाल्या. "आणि बाजूला हो. मिरचीवरचं ऊन अडवलंयस."