आवरदादाला पाहून मी तोंड मिटलं

मी एक तुकडा बोलतोय. हसू नका, गेल्या सोमवारी सकाळपर्यंत चांगला अख्खा होतो. मी रक्तातलं एक प्रथिन, डॉक्टर लोक मला सी-थ्री म्हणतात आणि आमच्या सगळ्या भावकीला 'पूरक'. काय नाव आहे, पूरक! म्हणजे कुणाच्या तरी जोडीला दिलेला. असू दे. पण रक्तात परका शिरला की पहिला हात बहुतेक वेळा आमचाच पडतो.

एका सतरा वर्षांच्या मुलीच्या यकृतात माझा जन्म झाला. आम्हाला डोळे नाहीत, हे आधीच कबूल करतो. आम्ही चाचपडत हिंडतो आणि हाताला लागेल त्याला चिकटतो. चिकटलो की हाक मारायची. मग भराभर हजारो भाऊबंद धावून येतात, जंतूच्या अंगाला भोक पाडतात आणि त्याचा निकाल लावतात.

तुम्ही म्हणाल, डोळे नाहीत तर एखाद दिवशी घरच्यांनाच मारून बसाल की! अगदी बरोबर. म्हणून तर आमच्यात आवरदादा आहे. हे नाव आमचंच, कारण त्याचं काम एकच, आम्हाला आवरणं. मुलीच्या स्वतःच्या पेशींवर तो येऊन बसतो. आम्ही चुकून तिथे चिकटलो, तर दादा आम्हाला धरतो, त्याचा कातरीवाला जोडीदार आम्हाला कापतो आणि हाक तिथेच थांबते. आम्ही राग धरत नाही. दादा बसलाय म्हणजे घरचं माणूस, हा आमचा नियम.

तर सोमवारी सकाळी मुलगी अंथरुणातून उठेना. तिची आई कारखान्याच्या फाटकावर पास तपासायचं काम करते. ती निघायच्या घाईत होती.

"आई, पाय गार पडलेत गं. पोटऱ्या जाम दुखतायत."

"आज परीक्षा आहे ना, मग दुखणारच! नाटकं पुरेत. गोळी घे आणि नीघ."

धाकटीला शाळेत सोडून आई कामावर गेली. बाई वाईट नाही हो. अशा परीक्षेच्या सकाळी तिने पुष्कळ पाहिल्या होत्या.

त्याच वेळी माझ्या हाताला एक जण लागला. जाड, बुळबुळीत पांघरूण घेतलेला. मी चिकटलो, हाक मारायला तोंड उघडलं, आणि शेजारी चाचपतो तर कोण? आमचा आवरदादा! त्या मेल्या जंतूने अंगावर खास खुंट्या उगवल्या होत्या, आमच्या दादाला अडकवून ठेवायला. दादाला बिचाऱ्याला काय कळणार! त्याने नेहमीसारखं मला धरलं, कातरीवाला आला, आणि झाले माझे तुकडे. मी झटापटसुद्धा केली नाही. दादा आहे म्हणजे घरचंच कुणीतरी, असं म्हणून तोंड मिटलं. माझ्या कितीतरी भावांनी त्या सकाळी हेच केलं, आणि जंतू वाढत गेले.

आईचं मन काही फाटकावर लागेना. जेवणाच्या सुट्टीत ती धावत घरी आली. मुलगी बरळत होती आणि मांड्यांवर जांभळे ठिपके उठले होते. कारखान्यात प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवलेलं तिला आठवलं. तिने काचेचा पेला ठिपक्यांवर दाबून धरला. ठिपके पुसट होईनात, म्हणजे रक्तातच विष भिनलंय हे तिने ओळखलं. मग तिने पायात चपलासुद्धा घातल्या नाहीत, मुलीला पाठंगुळी घेतलं आणि तीन जिने उतरली.

दवाखान्यात आधी रक्त काढलं, लगेच औषधाची सुई दिली. त्या रक्तात मी होतो. तिथेच मुलीची आणि माझी ताटातूट झाली.

आता मी प्रयोगशाळेतल्या एका नळीत आहे, खिडकीजवळच्या स्टँडवर. आज आई रिपोर्ट न्यायला आली. तिच्याच तोंडून कळलं की मुलगी वाचली. पायाची दोन बोटं मात्र काळी पडली आहेत, ती काढावी लागणार. वाचली हे ऐकलं आणि मला रडू फुटलं असतं, पण तुकड्याला रडू कुठलं यायला?

डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या होत्या. "ताई, हिचं पूरक उत्तम आहे. कशाचीच उणीव नाही."

उत्तम! अहो, त्या यंत्राने मोजताना मलाही अख्खा धरलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग असं का झालं?" आईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला खुंट्यांची सगळी गोष्ट सांगितली.

"बारा वर्षं फाटकावर आहे मी," आई म्हणाली. "गळ्यात कारखान्याचा पास दिसला की आत सोडते. चेहरा बघायला वेळ कुठे असतो? आणि घरी तर... पोरगी गार पाय म्हणत होती, मी परीक्षाच बघत बसले."

"पेला तुम्हीच दाबलात ना? आणखी एक तास गेला असता तर ती हाती लागली नसती. धाकटीला लागण होऊ नये म्हणून सांगितलेली औषधं दिलीत?"

"दिली."

"आता तिला लसही द्या. त्या खुंट्या ओळखणारे शिपाई अंगात तयार होतात. ते खुंटीवर बसले की तिथे त्या आवरणाऱ्या प्रथिनाला जागाच उरत नाही."

"पण ती ठणठणीत आहे. बऱ्या पोरीला उगाच सुई कशाला?"

अहो, असं नका म्हणू! धाकटीच्या रक्तातही माझे भाऊबंद आहेत, तसेच आंधळे, तसेच आज्ञाधारक. दादा बसलेला सापडला की तेही तोंड मिटतील. आई, मी त्याला धरलं होतं हो! या हातात होता तो, आणि मी सोडला. धाकटीचं रक्त एकट्या आमच्या भरवशावर टाकू नका.

तिला ऐकू गेलं नाही, कसं जाणार? तिने माझ्या नळीकडे बघितलं, नळीवर लिहिलेलं थोरलीचं नाव पुटपुटत वाचलं. मग पदराने तोंड पुसलं.

"शाळा किती वाजता सुटते तिची... नाही, सुटायची वाट कशाला बघू," असं म्हणत ती वळलीसुद्धा.

"अहो ताई, रिपोर्ट राहिला!" रिपोर्ट देणारी बाई आतून ओरडली.

"राहू दे! मागाहून नेते!"

जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला. थोड्या वेळाने ही नळी डब्यात जाईल. जाऊ दे. माझी आता कुणाला गरज नाही.