डोंगऱ्याचं घर

माझ्या धाकट्या भावाने नऊ जाडजूड पुस्तकं लिहिली, पण आजवर एका चादरीची धड घडी घातली नाही. लॉन्ड्री आमची दोघांची, म्हणजे पाटीवर दोघांची. आत मी, आमचे हे आणि आमची लेक राबतो, आणि हा स्टुलावर बसून राजवाडे बांधतो. उडते साप, मंत्र, लढाया, काही विचारू नका. पण लोक वाचतात बरं का! गिऱ्हाईक कपडे न्यायला येतं, याची सही घेतं आणि कपडे विसरून जातं.

त्याचं लिखाण छापायला जाण्याआधी आमच्याकडे वाचलं जातं. हात चादरींत अडकलेले, म्हणून पानं वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लावायची आणि घड्या घालता घालता वाचायचं. माझा आवाज खणखणीत, म्हणून जादूगार राजा मी. राजकन्या आणि उरलेली सगळी प्रजा लेकीकडे. आणि डोंगऱ्या नावाचा महाकाय ह्यांच्याकडे, कारण त्याला बोलायचं असं काही नाहीच. राजाने त्याच्या मनगटाला मंत्राचा दोरा बांधलाय. राजा म्हणतो, "उचल!" डोंगऱ्या म्हणतो, "जशी आज्ञा." नऊ भाग ह्यांनी एवढंच म्हटलं. सवय अशी जडली की घरीसुद्धा मी "जरा हे धरा हो" म्हटलं की हे म्हणणार, "जशी आज्ञा."

त्या दिवशी दहावा भाग होता, शेवटचा. संपादकबाईंनी शेवट दोनदा परत पाठवला होता. "सगळं आहे, पण जीव नाही," म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत नवा शेवट आला नाही तर हा भाग निघणार नाही, असं त्यांनी सकाळीच फोनवर सांगून टाकलं. धाकट्याचं तोंड एवढंसं झालेलं. मी त्याला कितीही बोलले तरी भाऊच तो माझा. त्याची गोष्ट अशी अर्ध्यात लोंबकळत राहणार म्हणून माझाही जीव तुटत होता.

चादरीची दोन टोकं मी धरली, पलीकडची दोन ह्यांनी. मी दणक्यात वाचलं, "डोंगऱ्या, तुझ्या सेवेवर आम्ही प्रसन्न आहोत. हा दोरा आम्ही तोडतो. जा, तू मोकळा आहेस!"

यापुढे डोंगऱ्याचं पानभर भाषण होतं. अख्ख्या गोष्टीतलं पहिलं! की महाराज, तुमच्या पायाशी जे सुख आहे ते मोकळेपणात कुठलं, मला इथेच राहू द्या.

लेकीने ते पान आधीच वाचलं आणि फणकारली. "मामा, जन्मभर दगड उचलायला लावलेस, आणि वर आभारही त्यानेच मानायचे?"

"अगं, तो सुखी आहे. मंत्रच तसा आहे, ओझं वाहण्यात आनंद वाटतो त्याला. वाचकांचा लाडका आहे तो."

"सुखी आहे असं म्हणतं कोण? राजाच ना?"

"संध्याकाळ व्हायला आली आणि तू माझ्या मंत्राच्या खोड्या काढत बस!"

"गप बसा दोघं," मी म्हटलं. "अहो, वाचा तुम्ही."

ह्यांनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चादर सोडली, चपला घातल्या आणि दार उघडून सरळ चालू पडले.

धुतलेली चादर जमिनीवर! माझा पारा असा चढला की विचारू नका. आम्ही तिघं मागोमाग धावलो, तर हे समोरच्या चहावाल्याच्या बाकावर निवांत बसलेले.

"भाऊजी, भाषण राहिलं की!" धाकटा म्हणाला.

"मोकळा केलास ना त्याला?"

"हो."

"मग भाषण कसलं? डोंगऱ्या गेला."

"गेला? कुठे गेला?"

"घरी."

धाकट्याने डोकं खाजवलं. "पण भाऊजी, त्याला घरच नाहीये. मी लिहिलंच नाही."

"माहीत आहे," हे चहा फुंकत म्हणाले. "पहिल्या भागापासून वाट बघतोय."

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मी ओरडले.

"मला वाक्य कुठे होतं?"

चहावाला आधी हसला, मग लेक, मग मी. धाकटा मात्र गंभीर चेहऱ्याने उभा होता. एकदम त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि दुकानाकडे पळत सुटला. "ताई, कागद!"

कागद लेकीने बळकावले. म्हणाली, "मी लिहिते. मामा, तू बोल आणि चादर धर." लेखकमहाशयांनी चादर धरली, वाकडीतिकडी का होईना. हे स्टुलावर बसले, हात मोकळे सोडून. मग आम्ही सगळ्यांनी मिळून डोंगऱ्याचं घर बांधायला घेतलं. उंच दार, दारात आई.

"आई रडत असेल," धाकटा म्हणाला.

"रडेल कशाला? चिडली असेल चांगली!" मी म्हटलं. आईपण मला शिकवतो!

सूर्य मावळायच्या आत पानं पुन्हा दोरीवर लागली. राजाला आता काही काम नव्हतं, म्हणून मी आई झाले.

"कुठे होतास रे मेल्या इतकी वर्षं?"

"दगड उचलत होतो, आई," हे म्हणाले.

"कुणाचे?"

"राजाचे."

"का? त्याचे हात काय मोडले होते?"

लेक हसता हसता गठ्ठ्यावर आडवी झाली. मलाही पुढचं वाचवेना. कसंबसं वाचलं. आई त्याचा हात धरून दोऱ्याच्या वळावर तेल लावते आणि विचारते, "दुखतं का रे?"

"दुखतं," हे म्हणाले.

एवढंच होतं पानावर. पण ह्यांनी ते असं म्हटलं की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चादरीलाच पुसले डोळे. पुन्हा धुवावी लागली ती.

लेकीने पानांचे फोटो काढून संपादकबाईंना पाठवले आणि दिवेलागणीला त्यांचा फोन आला. "छापतेय," म्हणाल्या, आणि नाक ओढल्याचं मला लांबूनही ऐकू आलं. धाकट्याने ह्यांना उचलायचा प्रयत्न केला आणि दोघेही कपड्यांत पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा गठ्ठा आला. मी सवयीने हाक मारली, "अहो, जरा हे धरा!"

बाकावरून उत्तर आलं, "का? तुझे हात मोडलेत?"

मी हसत हसत मटकन खालीच बसले. चहा संपवून हे आले आणि आम्ही चादर धरली.