तीन हातांची वायर आणि खारं पाणी

मी एक जुनी वायर आहे, मित्रांनो. लांबी तीन हात. मुंबईहून पेणला येताना मी पाच हात होते, पण एस.टी.त एक जाडजूड म्हातारी माझ्यावर बसली नि मी आखडले. खोटं वाटत असेल तर त्या म्हातारीला विचारा.

साल नव्याण्णव. पेणच्या रामवाडीत काशीबाईंच्या गणपतीच्या कारखान्यात दोन संगणक होते. पुढचा दारातला. टेलिफोनच्या तारेवरनं कुणाच्या संगणकानं हाक मारली की त्याला कारखान्याचं पान दाखवायचा. पण किती मूर्ती तयार आहेत, ते त्याला कुठलं ठाऊक! ते मागच्याला ठाऊक. मागच्यात नमिताचा, कारखान्यातले संगणक सांभाळणाऱ्या पोरीचा, प्रोग्राम होता. तिनं तोही मूर्तीसारखाच तयार साच्यातनं काढलेला, नाक-डोळे तेवढे आपले. पुढच्यानं विचारायचं, मागच्यानं सांगायचं, नि मधे मी, निरोप पोचवणारी.

पण मागचा बोलेचना!

नमिताची मैत्रीण इशरत रोह्याजवळ वरसे गावात राहायची. तिचा भाऊ फैजल उद्या मस्कतला परत निघणार होता. तिथल्या मराठी मंडळींना दीड फुटी चाळीस गणपती हवे होते. इशरतनं सकाळीच फोनवर बजावलं, "नमे, भाई म्हणतो, आज वरसेतनं मूर्तींचा आकडा दिसला तर मस्कतातनं पण दिसल. नायतर तो दुसरीकडं सांगणार हाय."

काशीबाई ताडपत्री घेऊनच उभ्या. "दिस मावळायच्या आत बोलला तर बोलला. नाय तर दोन्ही डबे झाकायचे नि इथं शाडू माती ठेवायची!"

नमितानं मला दहा वेळा उपटलं, फुंकलं, पुन्हा खोचलं. अगो बाय, माझा काय गुन्हा? मी प्रश्न नेत होते. मागचा दारच उघडत नव्हता!

तेवढ्यात तिचा बाप नाथा भाकरी घेऊन आला. मिठागरावरचा माणूस. "काय गो, आतला पाहुण्याला ओळखत नाय काय?"

"मीच सांगून ठेवलंय बाबा, बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नाय. आपल्या शेतात खारं पाणी घुसलं, तवापासनं मला उघडं दार बघवत नाय."

नाथा हसला. "शेताला खारं पाणी नको, व्हय. पण मिठागरात तेच पाणी आपण हातानं आत घेतो ना? त्याबिगर मीठ कुठलं? तुझा डबा शेत हाय का मिठागर?"

नमिताचा घास हातातच राहिला. पुढचाही मागच्याला बाहेरचाच वाटत होता की! कुणाला आत घ्यायचं, त्या मागच्याच्या यादीत तिनं एकच नंबर लिहिला, पुढच्या संगणकाचा. बाकी सगळ्यांना बंदीच.

आणि काय सांगू! माझ्यातनं प्रश्न धावला, 'दीड फुटी किती?' उत्तर उलटं धावलं, 'बावन्न.' इतक्या जोरात, की मातीची धूळ उडून काशीबाई तीनदा शिंकल्या. लगेच वरसेहून मजकूर आला: 'चाळीस भाईला ठेवा. नमे, आता जेव.'

काशीबाईंनी ताडपत्रीची घडी केली नि नमिताला जेवायला बसायला दिली.

आता मला कोण विचारतं? माझ्यावर रंगाचे ब्रश वाळत घालतात. एक टोक उंदरानं कुरतडलं. गणपतीच्या कारखान्यात उंदराला हाकलायची छाती कुणाची!

तर मित्रांनो, दोघांचं बोलणं अडलं की मधल्याला उपटू नका. आतल्याला आपणच काय बजावून ठेवलंय, ते आधी आठवा. आणि तेवढे ओले ब्रश उचला की रे माझ्यावरनं. अजून एक टोक शाबूत हाय.