दोन उत्तरांचं जर्नल

तुकाराम सर एकदा संशय घ्यायला बसले की देवाकडेसुद्धा ओळखपत्र मागतील. त्या दिवशी त्यांच्या तावडीत सापडली रुचिता. रसायनशास्त्राच्या जर्नलवर सरांची सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष वाया. बाप हिरामण न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवतो. घरातल्या पोरींत कॉलेजात गेलेली ही पहिलीच.

प्रयोग साधा होता, खाडीच्या पाण्यात मीठ किती ते काढायचं. रुचितानं दोन उत्तरं लिहिली होती.

“एका प्रयोगाला दोन उत्तरं?” सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “हे तुझ्या त्या एआयनं लिहिलंय.”

“लिहिलं मीच, सर. त्याला फक्त विचारलं, माझा आकडा कमी का येतोय. तर त्यानं उलट मलाच विचारलं, पाणी भरतीचं की ओहोटीचं? माझं ओहोटीचं होतं. मग भरतीचं आणून प्रयोग पुन्हा केला, तर आकडा वाढला. म्हणून दोन उत्तरं. त्याची मदत घेतली, हेही शेवटी लिहिलंय.”

“म्हणजे कबूल आहे तर!” सरांना चोर पकडल्याचा आनंद झाला.

“बाटल्या लॅबमध्येच आहेत. तुमच्यासमोर करून दाखवू?”

“तेही त्यानं पढवलं असेल. उद्या बाकीच्यांसारखं स्वतः करून, नीट लिहून आण.”

रुचिताला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. पण रागावर सही मिळत नाही.

घरी चुलतभाऊ अल्पेशनं आपलं जुनं जर्नल काढून दिलं. तेही त्यानं कुणाचं तरी उतरवलेलं.

“सगली पोरा यातशीनच उतरवतान,” तो म्हणाला. “तू कशाला शानपना करतंस?”

तिनं मुकाट्यानं उतरवलं. ना पाणी आणलं, ना काही मोजलं. अक्षर मात्र सुरेख काढलं, आणि मनातून तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सरांनी पान उघडलं. एकच उत्तर, अख्ख्या वर्गाचं होतं तेच. त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी झोकदार सही ठोकली.

“बघ,” सर मायेनं म्हणाले, “स्वतः मेहनत केली की कसं बरोबर येतं!”

“हो, सर,” रुचिता म्हणाली. सरांशी ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती, आणि सरांना जराही संशय आला नाही.