आमच्याकडे कामाला नाहीत

"या बाई तुमच्याकडे कामाला आहेत का?" चौकशी करणाऱ्या मॅडमनी देणगीदारांच्या यादीवरून नजर न उचलता विचारलं.

सोमनाथने घसा खाकरला. शेजारच्या खुर्चीत भागूबाई अंग चोरून बसली होती. चौदा वर्षं तो ऑफिसात तिच्या हातचा चहा पीत होता. उत्तर पाठ करून आला होता, तरी तोंडातून निघेना.

सोमनाथ ज्या कंपनीत कारकून होता, ती क्रांती चौकातली. एका नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा पैसा गुंतवायचं काम तिच्याकडे. त्या कामाला अट होती: कंपनीने किंवा तिच्या नोकरांनी नगरपरिषदेच्या उमेदवारांना निवडणुकीत देणगी दिली, तर दोन वर्षं काम बंद. अट चांगलीच होती, सोमनाथलाही पटायची. पण मालक आप्पासाहेबांनी पळवाट काढली. देणगी परक्या नावांनी द्यायची. नावं जमवायचं सोमनाथकडे आलं आणि एक नाव कमी पडलं, तेव्हा या शहाण्याने ऑफिसात चहा करणाऱ्या भागूबाईचं दिलं. तिचं बँकेतलं खातं त्यानेच उघडून दिलं होतं. कंपनीचा पैसा त्यात भरून त्याने चेकवर तिची सही घेतली; ती कशाला, हेही तिने विचारलं नाही. भाऊ सांगतोय म्हणजे चांगलंच असणार.

मग कुणीतरी तक्रार केली. काल आप्पासाहेबांनी त्याला आत बोलावून सांगितलं, की बाईला पगार रोख मिळतो, तिचं नाव हजेरीपटावर नाही, तेव्हा ती आपली नाही असं सांगून मोकळं व्हायचं. काम गेलं तर पहिली नोकरी तुझी जाईल. सोमनाथला मुलगी आठवली. प्रेरणाचं कॉलेजचं अजून एक वर्ष राहिलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे कामाला नाहीत."

आवाज जराही कापला नाही, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

मॅडम भागूबाईकडे वळल्या. तिला त्याने येताना काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं तोंडच नव्हतं. आता तिचा एक शब्द, की सगळं संपलं. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"नाय मॅडम. मी पडेगावला शेरडं राखते. या साहेबांला मी वळखत नाय."

"मग पन्नास हजार कुठून दिले?"

हा आकडा तिला आजच कळत होता.

"शेरडं इकली," ती म्हणाली.

मॅडमनी दोघांकडे बराच वेळ पाहिलं आणि लिहून घेतलं.

खाली आल्यावर सोमनाथने गाडी काढली. माफी मागायची होती. पण म्हणाला, "बसा मावशी. पडेगावपर्यंत सोडतो."

ती जवळ आली नाही. "नको. कुणी बघंल. आत्ताच सांगितलं ना, वळखत नाय म्हून."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"अन् उद्यापून मी येत नाय, भाऊ. आले तर तुम्ही खोटं पडताल."

तो मान खाली घालून किल्ली चाचपत राहिला. ती रस्ता ओलांडून रिक्षात बसली. रिक्षा त्याच्या समोरून गेली तेव्हा तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंड फिरवलं, परक्या पुरुषासमोर बायका फिरवतात तसं.