हरिद्रामहाराजांचं लाल निदान

"लाल झाले! बघा, लाल झाले!"

फुलपाड्यातल्या त्या हॉलमध्ये दीडशे माणसं एकदम खुर्च्यांवरून उठली. व्यासपीठावर एका मुलाने तळहात उघडे धरले होते. आत्ताच त्यांवर पिवळीधमक हळद चोळली होती आणि आता ते रक्तात बुडवल्यासारखे दिसत होते. हरिद्रामहाराजांनी त्यांवर तीर्थ शिंपडलं. बारीक फसफस झाली आणि हात पुन्हा पिवळे.

"फसफसली ना? बाधा जाताना अशीच तडफडते," महाराज माइकवर म्हणाले. "निगेटिव्ह एनर्जी आहे, माउली. एमआरआयमध्ये दिसत नाही, हळदीत दिसते. अमेरिकेला हळदीचं पेटंट उगाच हवं होतं का?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हे सांगायला लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी विनिता, रसायनशास्त्रात एमएस्सी. वसई पूर्वेच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं द्रावणांची आम्लता मोजते. माझ्या सहीशिवाय खोकल्याच्या औषधाची एक बाटली बाहेर पडत नाही.

माझी मुलगी अश्लेषा सातवीत आहे. वर्षभरापासून ती दिवसातून चाळीस वेळा हात धुते. वहीत एक ओळ लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते, पान फाटेपर्यंत. चाचणीच्या पेपरात तिचे दोनच प्रश्न लिहून झाले. डॉक्टरांनी सांगितलं, "याला मंत्रचळ म्हणतात, इंग्रजीत ओसीडी. हा मनाचा आजार आहे. तिचा हट्ट नाही, तुमची चूकही नाही. उपचार आहेत." शाळेसाठी त्यांनी पत्रही दिलं: पेपरला जास्त वेळ द्यावा, खाडाखोडीबद्दल शिक्षा करू नये, समुपदेशकांची भेट ठरवावी.

ते पत्र मी तीन महिने कपाटात ठेवलं. शाळेच्या फायलीत मुलीच्या नावापुढे 'मानसिक' हा शब्द जाईल, ही भीती. डॉक्टरांकडेही पुन्हा गेले नाही. तिच्या वर्गशिक्षिका ज्युली टीचर दर आठवड्याला फोन करत. शेवटी म्हणाल्या, "सोमवारपर्यंत द्या हो. सहामाहीला जास्त वेळ मागायचा अर्ज पाठवायचाय. हातात कागदच नसेल तर मी तिच्यासाठी भांडू कशावर?"

आणि रविवारी सकाळी मी कुठे होते, तर महाराजांच्या हॉलमध्ये. डॉक्टरांना मी चौदा प्रश्न विचारले होते: निदान चुकण्याचं प्रमाण किती, दुसरं काही नाही कशावरून, पुरावा काय. महाराजांच्या माणसांना एकच विचारला: चपला कुठे काढायच्या?

आम्हाला तिथे नेलं शेजारच्या जयवंतीकाकूंनी. दाराशी दोन घंगाळं होती. पीडितांनी तांब्याच्या घंगाळात हात बुडवायचे, सोबतच्यांनी स्टीलच्या. अश्लेषाने आमच्याबरोबर स्टीलच्याच घंगाळात बुडवले, तर तिथल्या सेवेकरी बाईंनी तिचा दंड धरून तिला तांब्याच्या घंगाळाकडे वळवलं.

व्यासपीठावर तिच्या हातांना हळद लागली आणि ते लालभडक झाले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"नाव काय बेटीचं?"

"अश्लेषा."

"अरे देवा! सर्पाचं नक्षत्र. नावातच वळवळतंय." महाराजांनी डोळे मिटले. "एकवीस दिवस शाळा बंद. गोळ्या बंद. डॉक्टरांचे कागद आणलेत ना? ते पाचूबंदरला समुद्रात सोडायचे. कागद बुडाला की आजार बुडाला."

मी पर्समधून डॉक्टरांच्या पत्राचं पाकीट काढलं. हो, मी ते घेऊन गेले होते.

"आई," अश्लेषा म्हणाली, "ते ज्युली टीचरना द्यायचं पत्र आहे ना? नको देऊस. ते पाणी बुळबुळीत होतं."

"कुठलं पाणी?"

"तांब्याच्या घंगाळातलं. साबणाच्या पाण्यासारखं. आपण आधी हात बुडवले ते नुसतं पाणी होतं."

महाराज हसले. "ऐकलंत? बाधाच बोलतेय."

हॉल हसला. जयवंतीकाकू मात्र पदर खोचून उभ्या राहिल्या. "हात धुण्याच्या बाबतीत ही पोर चुकायची नाही, महाराज. दिवसभर तेच करते." त्या तरातरा दाराशी गेल्या, तांब्याच्या घंगाळात हात बुडवले, परत येऊन हळद चोळली.

लाल!

"अगं बाई! मला कोण झपाटणार? आमचे हे अजून मला घाबरतात!"

"तुमच्यातही आहे, माई, खोलवर," महाराज घाईने म्हणाले.

मग एक आजोबा उठले. त्यांचेही हात लाल. मागोमाग दोन कॉलेजच्या मुली. पाच मिनिटांत अर्धा हॉल बाधित झाला. काकूंनी घंगाळ उचलून व्यासपीठावर आणलं. "आता तुम्ही."

महाराजांनी हात शालीत घेतले. "माझं मौन सुरू झालंय," ते माइकवर म्हणाले.

पर्सच्या कप्प्यात माझ्याकडे आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या असतात, बाकी बायकांकडे सेफ्टी पिना असतात तशा. घंगाळात बुडवल्यावर पट्टी गडद निळी झाली. म्हणजे पीएच अकराच्या आसपास, पाणी चांगलंच अल्कधर्मी. बहुधा धुण्याचा सोडा. सोड्याच्या हाताला हळद लागली की ती लाल होते. तीर्थाला लिंबाचा वास होता. लिंबाने सोडा मारला की हळद परत पिवळी होते आणि होताना बुडबुडे येतात. शाळेच्या पुस्तकातला प्रयोग. शिवाय हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, हे हॉलमधल्या प्रत्येक बाईने धुणं धुताना पाहिलेलं. घरी आपण त्याला बाधा म्हणत नाही, डाग म्हणतो.

मी हे सगळं माइकवरून सांगितलं. यातलं प्रत्येक वाक्य मला आत शिरण्याआधीपासून ठाऊक होतं. काकू तिथूनच पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेल्या.

घरी येताना रिक्षात अश्लेषा म्हणाली, "तुला खरंच वाटलं, माझ्यात कोणीतरी आहे?"

"हो. वाटलं."

"मग मला का नाही विचारलंस? मी सांगितलं असतं. मीच आहे. मला फक्त भीती वाटते, की नाही धुतले तर तुला काहीतरी होईल."

वर्षभर मी तिला "पुरे आता" एवढंच म्हणत होते. का धुतेस, हे एकदाही विचारलं नव्हतं.

सोमवारी पत्र शाळेत दिलं. ज्युली टीचरनी वाचलं, अर्जाला जोडलं आणि म्हणाल्या, "एका पानाला तीन महिने?" सहामाहीला तिला जास्तीचा वेळ मिळाला. समुपदेशक आठवड्यातून एकदा तिला भेटतात. डॉक्टरांकडे आम्ही नियमित जातो. धुवायची इच्छा झाली की पाच मिनिटं थांबायचं, मग दहा, असा सराव चालू आहे. गणितात तिने सात प्रश्न लिहिले. ती अजून बरी झालेली नाही. होईल, हळूहळू.

माझ्यासारख्या शिकलेल्यांना एकच विनंती. शंका घ्यायचीच असेल तर सगळ्यांवर सारखी घ्या: जितकी डॉक्टरांवर, तितकी महाराजांवर. मुलाच्या मनाचा आजार हा आजारच असतो. तो शाळेपासून लपवू नका. लपवल्याने आजार कमी होत नाही, मदत तेवढी कमी होते. आणि कुणाकडेही जाण्याआधी मुलाजवळ बसा आणि त्याला विचारा, तुला काय होतंय.